बिरोबाच्या टेकडीवरचा तिसरा कोन

ज्ञानू, तू मेलास म्हणून तुझं खरं ठरलं, असं मी मानणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो. माणूस गेला की लोक त्याच्याशी असलेलं भांडण मिटवून टाकतात, दोन शब्द गोड बोलतात आणि आंघोळ करून मोकळे होतात. मी आंघोळ केली आहे. भांडण मिटवलेलं नाही. विश्वाला आकार आहे आणि तो आमच्या पूर्वजांनी सांगितला तोच आहे, हे माझं म्हणणं होतं. "सांगितल्याली गोष्ट येगळी गोंडा, मोजल्याली येगळी," हे तुझं. त्या दोन वाक्यांत आपली मैत्री झाली, वाढली आणि तू ती अर्धी टाकून गेलास. मला तुझा राग आला आहे. तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

तुझ्या दहाव्याला तुझ्या गावची चार मोठी माणसं पिंपळाखाली बसली होती. "हवालदार माणूस चांगला हुता, पर लढाईवरनं आला तवापासनं डोक्यात वारं शिरलं हुतं," असं एक जण म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. "दुर्बीण घिऊन डोंगरांव काय हिंडायचा, जगाचं माप काय काढायचा!" मी सांगलीचा हळदीचा अडत्या, परगावचा, परजातीचा. मला तिथं बोलायचा अधिकार नव्हता. तरी मी बोललो. म्हटलं, डोक्यात वारं शिरायला आधी डोकं असावं लागतं. नंतर मला कोणी चहा विचारला नाही.

तू मला पहिल्यांदा भेटलास तो दिवस आठवतो? लढाई संपून पलटणीतून घरी आला होतास आणि थोरल्या भावाची हळद घेऊन सांगलीला आला होतास. तुझा भाऊ, आबा, दुकानात बसून पान खात होता आणि तू मात्र माझ्या मागे लागलास की पेव दाखवा. आमची पेवं म्हणजे काही बघायची वस्तू नव्हे. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेलं कोठार, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, आत हळद साठवायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. तुला त्या दिवशी एक रिकामं पेव मिळालं.

"आतनं आकार कसा हाय?" तू विचारलंस.

"मडक्यासारखा. गोल," मी म्हणालो.

"बघितलायसा?"

"आजोबांनी खणलंय. त्यांनीच सांगितलंय."

मी तोपर्यंत पेवात कधी उतरलो नव्हतो. मालक उतरत नाहीत. आमच्याकडे रीत अशी की आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो विझला तर आत वारं खराब, कोणी उतरायचं नाही. कंदील जळत राहिला आणि माझ्या हमालांच्या आधी तूच धोतर खोचून आत गेलास. मधोमध खुंटी ठोकलीस आणि दोरी सगळीकडे ताणून माप घेत बसलास. वर आलास तेव्हा केसापासून नखापर्यंत पिवळा झाला होतास, जेजुरीहून आल्यासारखा.

"गोंडा," तू पहिल्याच दिवशी मला एकेरीवर आणलंस, "तुजं पेव गोल न्हाई. त्येचं प्वाट दक्षिणेकडं सुटलंय."

मी चिडलो. माझ्या आजोबांचं पेव! पुढे ते पेव लिंपायला माणसं उतरली, त्यांनीही तेच सांगितलं. मी त्यांच्यावरही चिडलो. पण त्या दिवशी तू जाता जाता जे बोललास ते माझ्या मनातून गेलं नाही. तू म्हणालास, आकार कळायला बाहेर यावं लागत नाही. आत बसून, हातात दोरी धरून, आतल्या आत मोजलं तरी आकार कळतो. "इश्वाचं बी तसंच हाय. आपल्याला भाईर कुठं जाता येतंय?"

हे तू वाळवंटात शिकला होतास. तोफांसाठी नकाशे करणाऱ्या तुकडीत तू होतास आणि तुमचा साहेब लढाईआधी कुठल्या तरी कॉलेजात गणित शिकवायचा. वाळूत बसून तो तुम्हाला हे सांगायचा. तू ते सगळं डोक्यात भरून आणलंस आणि आमच्या दुकानाच्या ओट्यावर रिकामं केलंस. पाण्याचा माठ पालथा घातलास. ओल्या हळदीत बोट बुडवून त्याच्या पाठीवर मोठा त्रिकोण काढलास. शाळेत शिकलो की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन. माठावर ती जास्त भरली. मग माझ्या मुनिमाच्या घोड्याचं खोगीर आणायला लावलंस. त्याच्या मधल्या खोलगट भागावर काढलेल्या त्रिकोणात बेरीज कमी भरली. म्हणजे सपाट जागेत बरोबर, फुगीर जागेत जास्त, खोगिरासारख्या जागेत कमी. आपण ज्या पोकळीत राहतो ती पोकळीच वाकलेली असेल, तर उजेडाच्या सरळ रेषांनी काढलेल्या त्रिकोणातही ते दिसेल. जर्मनीतल्या एका जुन्या गणितीने तीन डोंगरांच्या माथ्यांचा त्रिकोण मोजून पाहिला होता, असं तुझा साहेब सांगायचा. फरक काही सापडला नाही म्हणे.

"मग आता कसं मोजत्यात?" मी विचारलं.

तू ज्वारीच्या शेताचं उदाहरण दिलंस. शेताच्या मध्ये उभं राहायचं आणि भोवतीची ताटं मोजायची. जमीन सपाट असेल तर दुप्पट लांबपर्यंत मोजली की ताटं चौपट भरतात. शेत टेकाडाच्या माथ्यावर असेल तर चौपटीला कमी पडतात. अमेरिकेत एक अजस्र दुर्बीण आहे, तिच्यातून शास्त्रज्ञ आभाळातले दूरदूरचे तेजोमेघ असेच मोजतात. किती लांबवर किती आहेत, हिशेबापेक्षा कमी की जास्त. "मग काय निघालं?" मी आशेने विचारलं. तू म्हणालास, अजून नक्की काहीच नाही. लांबचे मेघ इतके मंद की मोजणाराच फसतो. ह्याहून मोठी दुर्बीण उभी राहते आहे. "न्हाई म्हाईत म्हणायला त्यास्नी लाज वाटत न्हाई. मला त्येच लय आवडलं."

मला ते मुळीच आवडलं नव्हतं. मी तुला आमच्या लोकपुरुषाचं चित्र दाखवलं. पाय फाकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा असलेला पुरुष. त्या आकाराचं विश्व, त्याच्या बाहेर नुसती अलोकाची पोकळी. बस्तीतलं, म्हणजे आमच्या जैन मंदिरातलं, ते चित्र मी लहानपणापासून बघत आलो आहे. तू ते बराच वेळ निरखलंस आणि म्हणालास, "गोंडा, तुज्या इश्वाला दम लागलाय गड्या. बघ की, कमरंव हात ठिऊन हुबं हाय." मी दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या महिन्यात मीच साताऱ्याची गाडी पकडली, कारण तुझ्याशिवाय भांडायला कोणी उरलं नव्हतं.

आमच्या बस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी मला बजावलं होतं. जे केवलज्ञानाने पाहिलं गेलं ते तुम्ही पितळेच्या नळीतून तपासणार काय? मी त्यांना म्हणालो, खरं असेल तर तपासल्याने झिजणार नाही. हे वाक्य माझं नव्हतं, तुझं होतं. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

पलटणीच्या भंगारातून तू आणलेलं ते कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, त्याची पितळी तबकडी तुझी बायको, आमच्या अनसावहिनी, चिंचेने घासून लखलखीत ठेवायच्या. वाळवंटातल्या उन्हाने तुझी नजर अधू झाली होती. म्हणून नळीतून नेम तू धरायचास आणि तबकडीवरच्या बारीक रेषा भिंगातून वहिनी वाचायच्या. अंश, अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि आता विकला वाचत होत्या. तू तीन टेकड्या निवडल्यास: अजिंक्यतारा, जरंडा आणि तुझ्या गावामागची बिरोबाची टेकडी. तिन्ही ठिकाणी खडकात छिन्नीने खूण केलीस. लांबून दिसावीत म्हणून निशाणं मी आणली, घरच्या हळदीत दोनदा बुडवलेल्या मांजरपाटाची.

मी तुला विचारलं होतं, एवढ्याशा त्रिकोणात काय दिसणार? माठावर तिळाएवढा त्रिकोण काढला तर तोही सपाटच भरतो, हे तूच शिकवलं होतंस. तू म्हणालास, "ठावं हाय मला. काय दिसायचं न्हाई. पर मोटी दुर्बीण त्येंच्याकडं हाय म्हून आपुन हात बांधून बसायचं व्हय? आपल्या हातात मावंल तेवढं आपुन मोजायचं. मोठ्यांनी सांगितलं, साहेबानं सांगितलं, पोथीनं सांगितलं. सांगितल्यालं लय झालं गोंडा. एक तरी मोजल्यालं पायजे." त्या वेळी मी हसलो होतो. आज लिहिताना हसू येत नाही.

तिन्ही कोन झाले आणि बेरीज दोन काटकोनांहून जास्त भरली. थोडीथोडकी नव्हे, चांगली डोळ्यांत भरण्याइतकी! मी तुझ्या अंगणात नाचायचाच बाकी होतो. विश्व माठासारखं बंदिस्त आहे, त्याला आकार आहे, सातारा जिल्ह्यात सिद्ध झालं! आणि तू कपाळाला आठ्या घालून बसलास. "कुटंतरी चूक हाय," म्हणालास. मी म्हटलं, राहू दे की रं, चांगली चूक आहे. तू टोपी घातलीस आणि टेकडी चढायला लागलास. मी मागोमाग, शिव्या देत.

वर बघतो तर निशाण खुणेच्या खडकावर नव्हतंच. ते बिरोबासमोर रोवलेलं होतं, खाली नारळ फोडलेला, काठीला फुलं बांधलेली. तिथं मेंढरं चारणारा म्हातारा धनगर अभिमानाने पुढे आला. "कुन्या भक्तानं देवाचं निशाण कडंला, वाऱ्यात रवलं हुतं. बराबर दिसतंय का त्ये? म्हून म्या देवाम्होरं आणलं." पिवळं निशाण म्हणजे बिरोबाचं, त्याचं काय चुकलं? दोष माझ्या हळदीचा. ह्या टेकडीवरचा कोन तू सगळ्यात आधी घेतला होतास; मग अजिंक्यताऱ्यावरून नेम धरलास तेव्हा निशाण कड्यावर होतं आणि जरंड्यावरून धरलास तेव्हा देवासमोर. माझं सगळं बंदिस्त विश्व त्या म्हाताऱ्याच्या भक्तीएवढं होतं.

दुसऱ्या कोणी निशाण उपटून परत कड्यावर नेलं असतं. तू म्हाताऱ्याला तंबाखू दिलीस आणि त्याला विचारून काठीच्या बुडाशी दगडावर नवी खूण केलीस. "देवानं जागा दिलीया, हितनंच मोजू. समदं पयल्यापासनं." जुने तिन्ही कोन तू एका शब्दात फेकून दिलेस. माझ्या बाजूने आलेलं उत्तर होतं ते, ज्ञानू! कोणालाही कळलं नसतं. पण तुला कळलं असतं, आणि तुला तेवढं पुरेसं होतं. त्या संध्याकाळी मला तू माझ्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा मोठा वाटलास. मी तसं म्हणालो नाही. म्हणालो, "हेकट आहेस."

अजिंक्यताऱ्याचा कोन पुन्हा झाला, जरंड्याचा झाला. कागद भिजतात म्हणून वहिनींनी दोन्ही आकडे चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहिले. मग पावसाने डोंगर झाकले. तिसरा कोन पाऊस उघडल्यावर घ्यायचा असं ठरलं. मग तुला ताप भरला, विषमज्वर. मला निरोप मिळून मी सांगलीहून पोहोचलो तेव्हा सरण विझलं होतं. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं काय झालं, तर तू म्हणालास, "म्होरच्या बारीला निशाण तांबडं आण," आणि मी म्हणालो, "तांबडं मारुतीला नेऊन लावतील." एवढंच.

दहाव्याच्या आधी घर सारवायची रीत असते. आबाने शेणकाल्याची बादली आणली आणि चुलीशेजारच्या भिंतीकडे वळला. वहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रडून रडून सुजलेला चेहरा, मोकळं कपाळ, पण हलल्या नाहीत.

"ही भित सारवायची न्हाई."

"सुतक हाय अनसा. भाईरचं पावणं बसल्यात."

"असू द्यात. त्येंचं काम हाय ह्या भितीव. सारवायची न्हाई."

आबा दुष्ट माणूस नाही, हे तुलाही ठाऊक आहे. त्याला लोकांची भीती वाटत होती. त्याने बादली खाली ठेवली आणि बाकीचं घर सारवलं. तेवढा एक चौकोन तसाच राहिला.

मी सांगलीला परतलो. दुकानात मन लागेना. पाऊस उघडला, आभाळ धुतल्यासारखं झालं आणि एक दिवस तुझ्या गावचा गाडीवान निरोप घेऊन आला: वहिनींनी विचारलंय, निशाणाला कापड हाय का. मी हळदीचं पातेलं चुलीवर ठेवलं. घरात सगळे विचारत होते, कोणाचं लग्न आहे? मी म्हटलं, विश्वाचं.

अजिंक्यताऱ्यावर आणि जरंड्यावर मी स्वतः चढलो आणि तुझ्या खुणांवर नवी निशाणं बांधली. पिवळीच. दोन्ही ठिकाणी एकेक माणूस राखण बसवला, कोणी देवाकडे नेऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी थिओडोलाइटची पेटी डोक्यावर घेऊन उंबऱ्यात आल्या तेव्हा आबा वाटेत उभा होता आणि त्याच्या मागे अर्धं गाव.

"म्हैना सरला न्हाई, आन् रांडमुंड बाई डोंगराव? परक्या गड्यासंगं? लोक काय म्हनत्याल?"

"लोक म्हनत्याल त्ये म्हनू द्यात," वहिनी म्हणाल्या. "त्येंचं डोस्कं फिरलं हुतं म्हनून गावानं ठरिवलंय. काम आरदं ऱ्हायलं तर त्येच खरं व्हईल. भित वाचवली तशी म्या हे बी वाचवणार. आबा, वाट सोडा."

मी काहीतरी बोलणार होतो. गरजच पडली नाही. आबा बाजूला झाला. आणि खरं सांगतो ज्ञानू, मग त्यानेच पुढे होऊन तिपाई उचलली आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणून माझ्या खांद्यावर दिली. वर मात्र आला नाही.

तुला माझं शरीर माहीत आहे. गादीवर बसून वाढलेलं. तिपाई घेऊन ती टेकडी चढताना मी सगळ्या तीर्थंकरांना हाका मारल्या. माथ्यावर पोहोचलो, तिपाई टेकवली आणि पाय फाकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून धापा टाकत उभा राहिलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"आण्णा," त्या म्हणाल्या, "तुमी इश्वावानी हुबं ऱ्हायलासा."

आणि त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसताच त्यांना रडू फुटलं, आणि मग मलाही. धनगर म्हाताऱ्याने मेंढरं लांब हाकलली आणि आमच्याकडे पाठ करून बसून राहिला.

मग त्यांनी पदराने डोळे आणि भिंग, दोन्ही पुसलं. तू बसवायचास तसा ओळंबा बिरोबासमोरच्या खुणेवर आणला. नळीतून आधी अजिंक्यतारा धरला, मग जरंडा. तबकडी वाचली. पुन्हा धरलं, पुन्हा वाचलं. तू करायचास तसं यंत्र उलटं फिरवून आणखी एकदा. मला आकडा सांगेनात. "घरी गेल्याव," म्हणाल्या. उतरताना त्या तो आकडा ओठांत घोळवत होत्या आणि मी वाटेत एक शब्द बोललो नाही. मी गप्प बसलो, ज्ञानू! हे तरी तू बघायला हवं होतंस.

चुलीशेजारी तुझ्या दोन आकड्यांखाली त्यांनी तिसरा लिहिला. बेरीज आबाने केली, मुद्दाम त्यालाच करायला लावली. दारात गाव जमलं होतं. दोन काटकोन. काही विकला कमी, तुझ्या जुन्या यंत्राच्या चुकीत सहज मावतील एवढ्याच. मेलेल्या माणसाचे दोन कोन आणि त्याच्या बायकोचा एक, तिन्ही मिळून सरळ रेष झाली. पिंपळाखाली बोलणारा तो म्हाताराही आला होता. तो भिंतीकडे बघत राहिला आणि मग त्याने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

तेव्हा आता ऐक. मी हरलेलो नाही. तुझा त्रिकोण माठावरचा तीळ आहे, त्यातून विश्व सपाट आहे असं सिद्ध होत नाही. हे तूच मला शिकवलंस, आता मागे घेता येणार नाही. माझा लोकपुरुष कमरेवर हात ठेवून जागच्या जागी उभा आहे. अमेरिकेतले लोक त्यांची नवी दुर्बीण घेऊन मोजू देत. ते जे सांगतील त्याच्याशीही मी भांडेन. पण ह्या गावात पुन्हा कोणी म्हणालं की ज्ञानू हवालदाराचं डोकं फिरलं होतं, तर त्याला मी हाताला धरून त्या चुलीपाशी नेणार आहे. वहिनींनी बाकीच्या भिंतीला पांढरी माती दिली आहे. तेवढा चौकोन सोडून.

आणि हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं ते: तुझं पेवाचं माप बरोबर होतं. काल मी कंदील सोडला, तो जळत राहिला. मग ह्या वयात, धोतर खोचून, मी स्वतः आत उतरलो. मधोमध तू ठोकलेली खुंटी अजून तशीच आहे. तिला दोरी बांधून मी चारी बाजूंनी मोजलं. पोट दक्षिणेकडे सुटलं आहे. मी खालूनच मोठ्याने तुला तसं सांगितलं, आणि वर उभ्या असलेल्या हमालाने विचारलं, "मालक, कुनाशी बोलताय?"